आईने अंड्यात बांधून दिलेली शिदोरी

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्याभोवती बारीक चिलटं घोंगावायला लागतात ना, तीच ही ड्रोसोफिला. (आंबा किडवणारी फळमाशी वेगळी, तिच्याशी गल्लत नको.) १९१० मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत थॉमस हंट मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांची एक माशी सापडली आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांत या माश्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या जातायत, काही वाण तर जवळपास तेवढेच जुने आहेत. बाहेरच्या जगातल्या माश्यांशी त्यांचा संबंधच तुटलेला.

आता गंमत बघा. १९७० च्या दशकात काही लोकांनी बाहेरून पकडलेला नर आणि लॅबमधल्या जुन्या वाणाची मादी यांचा संकर केला. पिल्लं दिसायला ठीकठाक, पण अंडाशय सुकलेलं, अंडीच नाहीत, ज्यांना थोडीफार संतती झाली तिच्यात म्युटेशनचा सुळसुळाट, क्रोमोसोम तुटलेले. मग तोच संकर उलटा केला, म्हणजे लॅबमधला नर आणि बाहेरची मादी, तर पिल्लं एकदम ठणठणीत. मार्गारेट किडवेल, जेम्स किडवेल आणि जॉन स्वेड यांनी १९७७ मध्ये या प्रकाराला हायब्रिड डिसजेनेसिस असं नाव देऊन सविस्तर लिहिलं.

इथे एक मिनिट थांबा, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. दोन्ही संकरांतल्या मुली घ्या. दोघींच्या पेशीकेंद्रात अर्धा डीएनए बाहेरच्या माशीचा, अर्धा लॅबच्या माशीचा, म्हणजे अक्षरन्‌अक्षर सारखाच वारसा. तरी एक वांझ आणि एक धडधाकट. फरक फक्त एवढाच की कोणती बाजू आईकडून आली. मग आईने असं काय दिलं जे डीएनएमध्ये लिहिलेलं नाही?

याचं उत्तर मिळायला २००८ साल उजाडलं, आणि मला विचाराल तर जीवशास्त्रात याच्याइतकं सुंदर उत्तर फार कमी प्रश्नांना मिळालंय. पण तिथे जायच्या आधी चोर कोण ते सांगायला लागेल.

आपल्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, जवळपास ३ अब्ज अक्षरं आहेत, त्यातली प्रोटीन बनवायच्या कामाची २ टक्क्यांपेक्षाही कमी. आणि ४५ टक्क्यांच्या आसपास काय आहे माहितीये, ट्रान्सपोझॉन आणि त्यांचे जुने अवशेष. ट्रान्सपोझॉन म्हणजे डीएनएचा असा तुकडा जो आपली जागा सोडून जीनोममध्ये दुसरीकडे जाऊन बसू शकतो. मक्यात तर ८५ टक्के जीनोम यांनीच भरलाय, आणि मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके बघूनच बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात हे ओळखलं होतं, लोकांना पटायला खूप वर्षं गेली, नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

यांच्या ढोबळमानाने दोन जाती. काही कट-पेस्ट करतात, स्वतःला कापून घेऊन दुसरीकडे चिकटतात. काही कॉपी-पेस्ट करतात, म्हणजे आधी आपली आरएनए प्रत काढायची, तिच्यावरून परत डीएनए बनवायचा आणि तो नव्या जागी घुसवायचा, मूळ प्रत जागेवर तशीच. आपल्यातला एल-१ हा दुसऱ्या जातीचा, त्याच्या ५ लाखांच्या आसपास प्रती आपल्यात पडून आहेत, बहुतेक मोडक्या, पण ८० ते १०० अजून उडी मारू शकतात. १९८८ मध्ये हिमोफिलियाचे दोन पेशंट सापडले ज्यांच्या रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ च्या जीनमध्ये एल-१ नव्याने येऊन बसला होता, आईवडिलांत तो त्या जागी नव्हता. म्हणजे हा धोका पुस्तकातला नाही.

आता चोराच्या बाजूने विचार करा. यकृताच्या किंवा कातडीच्या पेशीत कितीही उड्या मारल्या तरी उपयोग काय, माणूस मेला की त्या प्रतीही गेल्या. टिकायचं असेल तर जननपेशीत, म्हणजे ज्यांच्यापासून अंडी आणि शुक्राणू बनतात त्या पेशींत उडी मारायला हवी, तरच नवी प्रत पुढच्या पिढीत जाते. माश्यांतला पी एलिमेंट नावाचा ट्रान्सपोझॉन तर याबाबतीत अगदी नेमका आहे, त्याच्या मेसेजमधला, म्हणजे डीएनएवरून काढलेल्या आरएनए प्रतीतला, एक तुकडा फक्त जननपेशीतच कापून काढला जातो आणि तो निघाल्याशिवाय उडी मारायचं पूर्ण प्रोटीन बनतच नाही. म्हणजे शरीरात शांत, जननपेशीत चालू. खरी लढाई होते ती अंडाशयात आणि वृषणात.

आणि हाच पी एलिमेंट म्हणजे किडवेल यांच्या माश्यांमधला गुन्हेगार. २,९०७ अक्षरांचा छोटासा डीएनए. तो मुळात ड्रोसोफिला विलिस्टोनाय नावाच्या दुसऱ्याच जातीचा, उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातली ती माशी. तिथून विसाव्या शतकात कधीतरी तो आपल्या चिलटांत शिरला, आणि काही दशकांत जगभरच्या रानातल्या माश्यांमध्ये पोचला. लॅबच्या बाटल्यांत बंद असलेले वाण त्याआधीच पकडलेले, त्यामुळे त्यांना त्याचा वारासुद्धा लागला नव्हता. म्हणून रानातल्या नराच्या शुक्राणूतून पी एलिमेंट लॅबच्या मादीच्या अंड्यात आला की त्याला रान मोकळं. तो कापाकापी करत सुटतो, प्रत्येक उडीत डीएनएची दोन्ही सूत्रं तुटतात, जननपेशी एवढी मोडतोड सहन करू शकत नाहीत आणि मरतात. तापमान २९ डिग्री असेल तर अंडाशय जवळजवळ शिल्लकच राहत नाही.

पण मग रानातली आई असली की तो गप्प का बसतो?

आता पहारेकऱ्यांकडे येऊ. छोट्या आरएनएबद्दल तुम्ही ऐकलं असेल, २००६ चं नोबेल आरएनए इंटरफिअरन्सला आणि २०२४ चं मायक्रोआरएनएला मिळालं. कल्पना सगळीकडे एकच, वीस-तीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा हा पत्ता, आणि तो हातात धरून फिरणारं आर्गोनॉट कुळातलं प्रोटीन हा शिपाई. पत्त्याला जुळणारा आरएनए दिसला की शिपाई कारवाई करतो. जननपेशीत या कुळाची एक वेगळी शाखा काम करते, तिचं नाव पिवी. या नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे, हाइफान लिन आणि ॲलन स्प्रॅडलिंग हे माश्यांच्या जननपेशींवर काम करत होते आणि जीन मोडायला हत्यार म्हणून त्यांनी पी एलिमेंटच वापरला होता, एका ठिकाणी तो बसला आणि नराचं वृषण दुबळं झालं म्हणून त्या जीनला नाव दिलं पी-एलिमेंट इंड्यूस्ड विम्पी टेस्टिस, म्हणजे पिवी. ज्या चोराने ते जीन मोडून दाखवलं त्याच चोराला आवरणं हे त्या जीनचं काम आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

पिवीच्या हातात जे तुकडे असतात ते पिवी-इंटरॅक्टिंग आरएनए, लोक पटकन पायआरएनए म्हणतात. साधारण २४ ते ३१ अक्षरांचे, मायक्रोआरएनएपेक्षा जरा लांब, आणि ते बनवायला डायसर नावाची नेहमीची कात्री लागतच नाही, वेगळीच व्यवस्था आहे. माशीतले असले तुकडे मॉस्कोतल्या लॅबने २००१ मध्येच पाहिले होते, २००६ मध्ये उंदरांच्या वृषणातून बऱ्याच लॅबना एकदमच ते सापडले, आणि थोडेथोडके नाहीत, हजारो वेगवेगळे.

मोठा प्रश्न असा की पत्ते येतात कुठून? चोर तर नवनवीन, ज्याला आधी कधी बघितलंच नाही त्याचा पत्ता पेशीकडे कसा?

याची किल्ली माशीच्या एक्स क्रोमोसोमवरच्या एका जागेत होती. जिप्सी नावाचा एक ट्रान्सपोझॉन आहे, तो मुळात रेट्रोव्हायरसच (म्हणजे आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या डीएनएत घुसवणारा व्हायरस), अंड्याच्या भोवतीच्या पेशींत तयार होऊन अंड्यात शिरू शकतो. काही माश्यांमध्ये तो मोकाट असतो आणि काहींमध्ये बंद, आणि हे ज्या जागेवर ठरतं तिला फ्रान्समधल्या संशोधकांनी फ्लेमेंको म्हटलं. वर्षानुवर्षं लोक तिथे जीन शोधत होते, म्हणजे जिप्सीला दाबणारं एखादं प्रोटीन बनवणारं जीन, आणि ते सापडेचना. सापडणार कसं, ते नव्हतंच. २००७ मध्ये ज्युलियस ब्रेनेके, ग्रेगरी हॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबमध्ये माशीच्या अंडाशयातले पायआरएनए वाचून जीनोमवर मांडून बघितले तर ते कुठूनही येत नव्हते, ठराविक दीडशेक जागांमधून येत होते आणि फ्लेमेंको ही त्यातली एक मोठी जागा. दीड-दोन लाख अक्षरांचा तो पट्टा आणि त्यात काय, तर जुन्या मेलेल्या, तुटक्या ट्रान्सपोझॉनचे तुकडे, जिप्सीचे, झॅमचे, इडेफिक्सचे, एकावर एक पडलेले आणि बहुतेक उलट्या दिशेने. म्हणजे तिथून आरएनए वाचला की निघते ती चोराच्या मेसेजची बरोबर उलटी प्रत, जी त्याला जाऊन चिकटणार.

ज्याला सगळे कचरा म्हणत होते तीच पोलिस ठाण्यातली फोटोंची भिंत निघाली. आपल्याकडे काट्याने काटा काढणं म्हणतात, इथे ते शब्दशः खरं आहे. चोर उड्या मारत मारत कधीतरी चुकून या सापळ्यात येऊन पडतो, आणि पडला की त्याचा फोटो भिंतीवर लागतो, त्यानंतर जीनोममधल्या त्याच्या सगळ्या प्रती ओळखल्या जातात. पी एलिमेंटचंही तसंच आहे, एक्स क्रोमोसोमच्या टोकाशी असाच एक सापळा आहे आणि तिथे पी एलिमेंटच्या एक-दोन प्रती बसलेल्या असल्या तरी बाकीच्यांना दाबायला त्या पुरतात, हे तर पायआरएनए माहीत व्हायच्या आधीच संकर करून दाखवलं गेलं होतं.

आता कारवाई कशी होते ते जरा निवांत बघू, कारण मला स्वतःला यातला हा भाग सगळ्यात आवडतो.

माशीकडे या शाखेचे तीन शिपाई, पिवी, ऑबर्जिन (म्हणजे वांगं, खरंच) आणि आर्गोनॉट-३. समजा ऑबर्जिनच्या हातात उलट्या प्रतीचा एक पायआरएनए आहे. ट्रान्सपोझॉन जागा झाला, त्याने आपला मेसेज काढला, तो मेसेज पेशीकेंद्राच्या बाहेर पडता पडता तिथेच कडेला जमलेल्या दाट थरात अडकतो, त्या थराला नुआज म्हणतात, फ्रेंचमध्ये ढग. तिथे ऑबर्जिन बसलेलं. पत्ता जुळला की ते मेसेज कापतं, आणि बरोबर आपल्या पत्त्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या मध्येच कापतं. चोराचा मेसेज वाया गेला. पण कापलेला तुकडा फेकला जात नाही, तो आर्गोनॉट-३ उचलतं आणि त्याचाच नवा पत्ता बनवतं, हा सुलट दिशेचा. आता हा सुलट पत्ता जाऊन कोणाला चिकटणार, तर सापळ्यांतून निघालेल्या उलट्या लांब आरएनएला. तो कापला जातो आणि त्यातून परत ऑबर्जिनसाठी नवा उलटा पायआरएनए. परत पहिल्यापासून. याला पिंग-पाँग म्हणतात, चेंडू इकडून तिकडे तसा. जपानमधल्या सिओमींच्या लॅबनेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. पुरावा कसला, तर एका बाजूच्या तुकड्यांचं पहिलं अक्षर बहुतेक यू, दुसऱ्या बाजूच्यांचं दहावं अक्षर बहुतेक ए, आणि दोन्हींची जुळणी नेमकी दहा अक्षरांची. हजारो तुकडे वाचल्यावर हा ठसा स्वच्छ दिसतो.

याचा अर्थ असा होतो की चोर जितका जास्त ओरडेल तितके त्याच्याविरुद्धचे शिपाई वाढतात, आणि तो गप्प असेल तर पेशी उगाच पत्ते छापत बसत नाही. कोणी वरून हुकूम द्यायची गरजच नाही.

आणि तिसरा शिपाई पिवी, तो पेशीकेंद्रात जातो. तो कापत नाही, ट्रान्सपोझॉन डीएनएवरून वाचला जात असताना त्या नव्या आरएनएला पकडतो आणि मदतनीस बोलावतो, ते आजूबाजूच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांवर, मिथाइलचे खुणेचे ठिपके लावतात, डीएनए गच्च गुंडाळला जातो आणि ते दुकान बंद. म्हणजे एक फळी निघालेले मेसेज कापते आणि दुसरी मेसेज निघूच देत नाही.

आता परत किडवेल यांच्या माश्यांकडे. पिंग-पाँग सुरू व्हायला पहिला चेंडू कोणीतरी टाकायला हवा ना, म्हणजे सुरुवातीचे काही पायआरएनए तरी हातात हवेत. २००८ मध्ये ब्रेनेके आणि हॅनन यांच्या गटाने दाखवलं की ते आई देते. मादी अंडं घडवताना त्यात अन्न भरते तसे पिवी आणि ऑबर्जिन प्रोटीनही भरते, त्यांच्या हातातल्या पायआरएनएसकट, आणि अंड्याच्या ज्या टोकाला पिल्लाच्या जननपेशी होणार तिथे ते जमा होतात. रानातल्या आईच्या शिदोरीत पी एलिमेंटचे पत्ते असतात, म्हणून तिच्या मुली पहिल्या दिवसापासून सज्ज. लॅबच्या आईने तो चोर कधी पाहिलाच नाही, तिच्या शिदोरीत त्याचा पत्ता नाही. आणि बाप? शुक्राणूत जागाच नाही, तो डीएनए आणतो, म्हणजे चोर आणतो, पण शिदोरी आणू शकत नाही. सारखा डीएनए असून एक मुलगी वांझ आणि एक धडधाकट, यामागे एवढंच आहे. आणि हा वारसाच आहे बरं का, फक्त डीएनएच्या अक्षरांत लिहिलेला नाही.

सापळ्याची ही गोष्ट इतकी छान बसते की तिच्यावर विश्वास ठेवायचा मोह होतो, पण २०२१ मध्ये तिला एक धक्का बसला. माशीच्या जननपेशीतले तीन सगळ्यात मोठे सापळे एका गटाने कापूनच टाकले, तिन्ही एकाच माशीत, आणि ट्रान्सपोझॉन काही मोकाट सुटले नाहीत, माश्या अंडी घालत राहिल्या. म्हणजे फोटोंची एकच मोठी भिंत नाही, जीनोमभर विखुरलेल्या प्रतीही स्वतःविरुद्ध पायआरएनए पुरवू शकतात, आणि आईकडून आलेले तुकडेच बहुधा ठरवतात की कोणत्या जागेचा कारखाना करायचा. फ्लेमेंकोचं तसं नाही, ती गेली तर माशी वांझ, कारण अंड्याभोवतीच्या त्या पेशींकडे पिंग-पाँग नाही, फक्त पिवी आहे. मला हा धक्का आवडला, कारण आईच्या शिदोरीचं महत्त्व त्याने उलट वाढवलं.

उंदरांत आणि आपल्यात तत्त्व तेच, तपशील वेगळे. सस्तन प्राण्यांच्या जननपेशींना एकदा डीएनएवरच्या सगळ्या मिथाइल खुणा पुसून कोरी पाटी करावी लागते, आणि पाटी कोरी असतानाच ट्रान्सपोझॉनला संधी मिळते. नर उंदराच्या गर्भात, जन्माच्या आधीच, मिली आणि मिवी-२ नावाची पिवी कुळातली प्रोटीनं पायआरएनए घेऊन एल-१ सारखे तरुण ट्रान्सपोझॉन शोधतात आणि तिथे परत मिथाइल लावून घेतात. यातलं एखादं बिघडवलं की नर वांझ, शुक्राणू अर्धवट घडून मरतात, माद्यांना मात्र काही होत नाही. त्यामुळे बरीच वर्षं लोक म्हणायचे की सस्तन माद्यांना हे लागतच नसावं, पण उंदरांत पिवी कुळातलं एक जीन मुळातच गळून गेलंय. ते जीन असलेल्या गोल्डन हॅमस्टरमध्ये २०२१ साली ते बिघडवलं तर माद्यांची प्रजनन क्षमताही ढासळली. माणसांमध्येही हे दिसलंय, वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत पीएनएलडीसी-१ या जीनमधले दोष सापडलेत, हे जीन पायआरएनएचं मागचं टोक छाटून नेमक्या लांबीचं करतं. एवढंसं छाटायचं राहिलं आणि घरात मूल नाही. आपल्याकडे मूल होत नसेल तर अजूनही आधी बाईकडेच बोट दाखवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एक छोटं वळण घेते. जालना-बीडकडे तुती लावून रेशीम कोष काढणारे शेतकरी आहेत, ते जो किडा पाळतात त्याच्यात मादी व्हायचं की नर हे एकच पायआरएनए ठरवतो, २०१४ मध्ये जपानमध्ये सापडलं. मादीकडेच असलेल्या डब्ल्यू क्रोमोसोमवरून तो निघतो आणि नर बनवणाऱ्या जीनचा मेसेज कापतो. चोर पकडायचं यंत्र उत्क्रांतीने दुसऱ्याच कामाला लावलं.

आणि ऑस्ट्रेलियात कोआला. त्यांच्या जीनोममध्ये एक रेट्रोव्हायरस आज, आपल्या डोळ्यांदेखत शिरतोय, उत्तरेकडच्या क्वीन्सलँडमधल्या जवळपास सगळ्या कोआलांत तो वारशाने आलाय, दक्षिणेकडे अजून तेवढा नाही. २०१९ मध्ये त्यांच्या वृषणातले पायआरएनए वाचले तर ते बहुतेक सुलट दिशेचे निघाले, म्हणजे पेशी व्हायरसचाच लांब, न कापलेला मेसेज पकडून त्याचे तुकडे करतेय, पण उलट्या प्रतीचे नेमके पत्ते अजून पुरेसे बनलेले नाहीत. लढाईची पहिली फेरी चालू असताना कोणी फोटो काढावा तसं ते आहे.

मग नव्या चोराविरुद्ध पहिली आई शिदोरी कुठून आणते? तिला तर तिच्या आईने दिलेली नसते. २०११ मध्ये याचंही उत्तर त्याच संकरातून निघालं. बापाकडून पी एलिमेंट आलेल्या, आईकडून शिदोरी न मिळालेल्या त्या दुर्दैवी मुली घेतल्या, तापमान फार चढू दिलं नाही, आणि त्यांना मारून न टाकता तशाच वाढू दिलं. तरुणपणी त्या वांझच होत्या. पण बापाच्या क्रोमोसोमवर, त्याच्या सापळ्यांत, पी एलिमेंटचे फोटो होते, फक्त ते वाचायची सुरुवात कोणी करून दिली नव्हती. दिवस गेले तसे त्यांच्या अंडाशयात त्याच जागांवरून स्वतःचे पायआरएनए बनायला लागले, शिवाय त्या गोंधळात इतर काही ट्रान्सपोझॉन उड्या मारून सापळ्यांत जाऊन पडले आणि ते बदल कायमचे झाले. तीन आठवडे म्हणजे चिलटाच्या आयुष्यातला मोठा काळ. तेवढ्या वयाला पोचल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणी अंडी घालायला लागल्या, आणि सापळ्यांत झालेले ते कायमचे बदल त्यांच्या पिल्लांतही उतरले.